शिंगं चुकीच्या डोक्यावर

वरणगावातल्या कुठल्याही लग्नात नवरदेवाच्या खुर्चीमागं एक मित्र हमखास उभा असतो. त्याचं काम एवढंच, की फोटोवाल्यानं "इकडं बघा" म्हटलं रे म्हटलं की दोन बोटं वर करून नवरदेवाच्या फेट्यामागं शिंगं धरायची. करवल्या खिदळतात, नवरदेवाला पत्ता नसतो, आणि अल्बम घरी आला की नवरीचे वडील चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "हे कार्टं कोनाचं?" विषय तिथंच मिटतो. लग्नाच्या दिवशी तर तो निघतच नाही. पंगतीत वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी वाढलेली असते. तिच्यापुढं शिंगांचं काय कौतुक!

हाच अल्बम कुणी नेपल्सला नेऊन दाखवला, तर मात्र पंगत उधळेल. दक्षिण इटलीत एखाद्या पुरुषाकडं रोखून तर्जनी आणि करंगळी उभी केली की अर्थ सरळ असतो : बाबा रे, तुझ्या घरात तिसऱ्याचं येणंजाणं आहे, साऱ्या गावाला ठाऊक आहे, तुलाच तेवढा पत्ता नाही. आणि आमच्याकडं अंगावरच्या अक्षता झटकायच्या आत, नवरी शेजारी बसलेली असताना, व्हिडिओ शूटिंग चालू असताना, नवरदेवाच्या जिवलग मित्रानं ही दवंडी पिटून टाकलेली असते.

वरातीत तर डीजेपुढं नाचणारी निम्मी पोरं तर्जनी-करंगळी वर करूनच नाचतात. ती खूण आली रॉक संगीतातून. रॉनी जेम्स डिओ हा गायक १९७९ मध्ये ब्लॅक सॅबथ या बँडमध्ये आला आणि त्यानं ती लोकप्रिय केली. डिओ इटालियन घरातला. त्याच्या सांगण्याप्रमाणं ही खूण त्यानं आपल्या आजीकडून घेतली. ती दृष्ट लागू नये म्हणून बोटं तशी धरायची. म्हणजे इटलीत ती दोन बोटं जमिनीकडं वळवली की दृष्ट उतरते आणि वर केली की नवऱ्याची अब्रू उतरते. मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकणाऱ्या आमच्या आज्यांनी असला दुहेरी कारभार कधी ठेवला नाही.

शिंगं आणि बेअब्रू यांचा संबंध मुळात आम्हा खानदेशी माणसाच्या डोक्यातच शिरत नाही. पोळ्याला आम्ही बैलाची शिंगं घासतो, त्यांना हिंगूळ लावतो, बेगड चिकटवतो, टोकांना गोंडे बांधतो आणि त्याला वाजतगाजत गावातून मिरवतो. शिंगं म्हणजे मान. ज्या बैलाला मिरवतो त्याचा संसाराशी असलेला संबंध आम्हीच कधीचा तोडून टाकलेला असतो, हे तेवढं मिरवणुकीत कुणी काढत नाही. सणासुदीचं कशाला?

गंमत म्हणजे युरोपातल्या शिंगांचा एक सिद्धांत नेमका ह्याच नाजूक जागी येऊन बसतो. तिकडं पूर्वी कोंबडा खच्ची केला की त्याचा तुरा कापत आणि त्याच्याच पायामागची नखं काढून तुऱ्याच्या जागी रोवत. ती तिथं रुजत आणि चांगली बोट-दोन बोटं वाढत. शंभर कोंबड्यांत हा गडी लांबूनच ओळखू यावा, हा हेतू. जर्मन भाषेत असल्या कोंबड्याचं जे नाव, तेच पुढं फसलेल्या नवऱ्याला चिकटलं. अँटन ब्लॉक नावाच्या डच मानववंशशास्त्रज्ञानं १९८१ मध्ये दुसरी बाजू मांडली. त्याचं म्हणणं, हा सगळा मेंढा आणि बोकड यांच्यातला फरक आहे. मेंढा आपल्या कळपात दुसऱ्या मेंढ्याला उभा करत नाही. बोकडाचं तसं नाही, त्याला दुसरा बोकड चालतो. म्हणून भूमध्य समुद्राकाठी इज्जतदार पुरुष तो मेंढा, आणि बायकोवर ज्याचा वचक नाही तो बोकड. इटलीपासून पोर्तुगालपर्यंत नवऱ्याला 'बोकड' म्हणणं ही शिवी आहे ती त्यामुळं. आमच्याकडं नवसापायी बोकडाचा जीव जातो, पण त्याच्या चारित्र्याला कुणी हात लावत नाही.

तिसरी कथा कॉन्स्टँटिनोपलची. बाराव्या शतकात तिथं आंद्रोनिकोस कोम्नेनोस हा सम्राट होऊन गेला. स्त्रियांच्या बाबतीत अत्यंत उद्योगी गृहस्थ. त्यानं शिकार केलेल्या हरणांची मोठमोठी शिंगं शहरातल्या चौकात टांगली. सांगायला कारण असं, की महाराजांनी केवढाली जनावरं मारली ते प्रजेला दिसावं. पण निकेतास कोनियातेस हा त्या काळचा इतिहासकार लिहून ठेवतो, की खरा रोख शहरातल्या नवऱ्यांवर होता. ज्यांच्या घरात महाराजांचं येणंजाणं होतं, त्यांची ती जाहीर यादी होती, फक्त नावं न घालता. उद्योग महाराजांचा, शिंगं महाराजांच्या खर्चानं, खिळा महाराजांचा आणि शोभा नवऱ्यांची.

इंग्लंडातली दंतकथाही ह्याच वाणाची. किंग जॉन शिकारीला गेला असता एका गिरणीवाल्याच्या बायकोबरोबर सापडला. नवऱ्यानं सुरा उपसला, मग समोर राजा आहे हे कळल्यावर तो परत म्यानात घातला. राजानं भरपाई म्हणून नजर पोचेल तिथपर्यंतची थेम्सकाठची जमीन त्याला देऊन टाकली. शेजाऱ्यांच्या पोटात दुखलं. जमिनीच्या हद्दीवर त्यांनी शिंगं लावलेला खांब उभा केला, आणि त्या जागेला आजही फसलेल्या नवऱ्याचंच नाव आहे. जवळच्या चार्ल्टनला दर वर्षी १८ ऑक्टोबरला 'शिंगांची जत्रा' भरायची. लोक शिंगं लावून, वाजवत-नाचत तिथं जायचे. शेवटी दंगा इतका वाढला की एकोणिसाव्या शतकात ती बंद करावी लागली. ह्या सगळ्या प्रकरणात राजाला शिंग फुटलं नाही, साधा कोंबसुद्धा आला नाही.

इथं माझ्या मनात जे येतं ते ओट्यावर बसणाऱ्या कुठल्याही माणसाच्या मनात यावं. गुन्हा केला एकानं आणि खूण चिकटवली दुसऱ्यालाच. नवरा बिचारा गिरणीत पीठ दळत होता. पण जगभर फिरून या, व्यभिचाराच्या खुणांचा हाच नियम आहे. चीनमध्ये युआन आणि मिंग राजवटीत वेश्यावस्तीतल्या कुटुंबांतल्या पुरुषांना हिरवं डोईवस्त्र बांधायची सक्ती होती. पुढं 'हिरवी टोपी घालणं' म्हणजे बायकोनं फसवणं, असा अर्थ पक्का झाला तो आजतागायत. चिनी माणूस सगळ्या रंगांची टोपी घालील, हिरवी घालणार नाही. तिकडच्या नवऱ्याला आमच्याकडच्या लग्नात आणलं आणि हिरवा चुडा, हिरवा शालू बघितला, तर नवरदेवाच्या भवितव्याबद्दल तो काय समजूत करून घेईल कोण जाणे. पण मुद्दा टोपीचा. टोपी कुणाच्या डोक्यावर? नवऱ्याच्या. ज्यानं उद्योग केला तो बोडकाच घरी गेला.

युरोपात आणि चीनमध्ये निदान नवऱ्याचं डोकं तरी वापरलं. आमच्याकडं खूण ठेवायला बाईचं नाक पसंत पडलं. शूर्पणखेपासून ही वहिवाट आहे, आणि ती तर कुणाची बायको म्हणून आलेलीही नव्हती. नुसतं विचारायला आली होती. पंचतंत्रात एक विणकर अंधारात बायकोचं नाक कापतो, आणि ते निघतं तिच्या जागी बांधून घेतलेल्या न्हाव्याच्या बायकोचं. म्हणजे आपल्याकडं नुसता नियमच चुकीच्या माणसाला शिक्षा देत नाही, अंमलबजावणीतही चूक होते. नाक गेलं बाईचं आणि म्हणायचं काय, तर घराण्याचं नाक कापलं गेलं. घराण्यातल्या पुरुषांची नाकं जिथल्या तिथं शाबूत, मिशीवर नीट बसलेली.

नाकं कापायची हौस आमची, त्यामुळं ती जोडायची विद्याही आमचीच. सुश्रुतसंहितेत ती आहे आणि पेशवाईच्या अखेरीपर्यंत पुण्याकडं ती जिवंत होती. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. टिपूच्या माणसांनी पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. पुण्याजवळच्या एका कुंभारानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं; दोन इंग्रज डॉक्टर उभे राहून बघत होते, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट ती हकीकत छापून आली. ते वाचूनच युरोपातल्या डॉक्टरांना हुरूप चढला आणि आजची प्लास्टिक सर्जरी मार्गी लागली. त्या कुंभाराचा हात इतका का बसला असेल? गिऱ्हाईक कमी नव्हतं म्हणून. कावसजीची निष्ठा इंग्रजांपाशी होती म्हणून त्याचं नाक गेलं. बाकीच्यांची निष्ठा जिथं पाहिजे तिथं नव्हती, असं त्यांच्या नवऱ्यांना वाटलं म्हणून.

नाकानंतर मानाचं पान गाढवाला. डोकं भादरून, पाच पाट काढून, तोंडाला काळं फासून गाढवावर उलटं बसवायचं, ही धिंड आम्हाला माहीत आहे तशी युरोपलाही माहीत होती. तिकडं ताटल्या-पातेली बडवत मिरवणूक काढत, आणि कित्येकदा त्यात खऱ्या जोडप्याऐवजी त्यांचं सोंग घेतलेला शेजारी गाढवावर बसे. पण मराठी मुलखानं गाढवाचा जो उपयोग केला त्याला तोड नाही. ठाणे-रायगडकडं शिलाहारांच्या काळातले 'गधेगाळ' दगड आजही शेतांच्या बांधाला आणि देवळांच्या आवारात उभे आहेत. राजानं जमीन दान दिली की हा दगड लावायचा. वर चंद्र-सूर्य आणि खाली बाईवर चढलेलं गाढव, अगदी तपशिलासह कोरलेलं. परळचा शके ११०८ चा शिलालेख तर हीच शिवी ऐन मराठीत देतो. अर्थ असा, की जो कुणी हे दान मोडील त्याच्या आईची ही गत होवो. आता दान मोडणार कोण? एखादा सरकारी कारभारी किंवा जमीन लाटणारा शेजारी. आणि भोगणार कोण? त्याची म्हातारी, जी घरी बसून लसूण सोलत असेल. सातबाऱ्याचा वाद आणि आई मधे! ही पद्धत तशी पूर्णपणे गेली असं वरणगावच्या बांधावरची भांडणं ऐकली तर म्हणवत नाही.

गाढवाचा एकच प्रकार मला न्याय्य वाटतो. बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या विडा गावात धुळवडीला एका जावयाला धरून गाढवावरून मिरवतात, चपलांचा हार घालतात आणि वर आहेर करतात. पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. सण जवळ आला की गावचे जावई परागंदा होतात आणि तरुण मंडळी त्यांना हुडकत फिरतात. गुन्हा काही नाही. जावई झाला एवढंच. निदान शिक्षा होते ती जागेवर सापडलेल्या पुरुषाला.

पक्ष्यांच्या बाबतीत तर दोन संस्कृती एकमेकींकडं पाठ करून बसल्यात. युरोपातली कुक्कू दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालते, म्हणून तिच्या नावावरून फसलेल्या नवऱ्याचं नाव पडलं. इथंही घरटं ज्याचं त्यालाच नाव, अंडं घालणारी गात बसली. आमची कोकिळा हेच करते, कावळ्याच्या घरट्यात. पण आम्ही तिला वसंताची दूत केली आणि कावळ्याला पिंडाला बसवला. त्याहून वर म्हणजे, अधिक आषाढ आला की बायका कोकिळाव्रत करतात. २०१५ मध्ये तो आला होता. कोकिळेचा आवाज कानावर पडल्याशिवाय जेवायचं नाही, आणि हे सगळं कशासाठी? अखंड सौभाग्यासाठी. जिच्या युरोपातल्या बहिणीनं लाखो नवऱ्यांच्या डोक्यावर शिंगं उगवली, तिच्या नावानं आमच्या बायका नवऱ्यासाठी उपाशी राहतात. नवरे जेवून घेतात.

अर्थात आपली सगळीच परंपरा नाकं कापणारी आणि गाढवं कोरणारी नव्हती. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, गोदावरीच्या परिसरातली, हाल सातवाहनाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' उघडून बघा. मराठीच्या आजीच्या, म्हणजे महाराष्ट्री प्राकृताच्या, त्या सातशे गाथांत गुपचूप भेटींच्या इतक्या खुणा आहेत की खूण म्हणजे काय हे शिकायला दुसरीकडं जायला नको. एक सून मुक्कामी आलेल्या वाटसरूला उजेडीच दाखवून ठेवते, सासू कुठं झोपते आणि मी कुठं. आणि वर ताकीद देते, की रात्री दिसत नाही म्हणून चुकून आमच्या अंथरुणावर येऊन पडू नकोस हो. दुसरी एका धार्मिक गृहस्थाला दिलासा देते, की तुला भुंकून बेजार करणारा तो कुत्रा आता मेला, नदीकाठच्या झाडीतल्या सिंहानं मारला, आता खुशाल फीर. गृहस्थ फुलं तोडायला तिच्या नेमक्या जागी येत असे. आता सिंह म्हटल्यावर येईल का? नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोक' लिहिला तेव्हा न बोलता अर्थ कसा सांगतात हे समजावायला त्यानं ह्याच दोघींना बोलावलं. भारतीय साहित्यशास्त्राचा एवढा मोठा सिद्धांत उभा आहे तो दोन मराठमोळ्या बायकांच्या थापांवर. आणि त्या गाथांत कुणाचं नाक जात नाही.

पुढं राज्यकर्त्यांनी ह्यात उत्पन्न बघितलं. अठराव्या शतकातल्या पुण्याच्या कोतवालीत 'बदकर्मा'बद्दलचे दंड जमेच्या बाजूला पडत. नवऱ्याची गेलेली अब्रू, बाईचे हाल आणि सरकारची जमा. मग इंग्रज आले. त्यांच्या १८६० च्या दंडसंहितेतलं ४९७ वं कलम हा जगातल्या व्यभिचाराच्या इतिहासातला एक चमत्कारच म्हणायला हवा. पहिल्यांदाच खूण त्या तिसऱ्या माणसाला चिकटली! शिक्षा पाच वर्षांपर्यंत, आणि फक्त त्यालाच. बाईला शिक्षा नाही. पण लगेच हुरळून जाऊ नका. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हा नाही. तक्रार करायची ती नवऱ्यानंच. आणि नवराच बाहेर कुठं रमला असेल तर बायकोला फिर्यादीचा हक्क नाही. म्हणजे कलम बायकोला नवऱ्याची जिंदगी समजत होतं आणि तिसऱ्याला चोर. सर्वोच्च न्यायालयानं २७ सप्टेंबर २०१८ रोजी जोसेफ शाईन खटल्यात ते रद्द केलं, ते ह्याच कारणानं. जानेवारी २०२३ मध्ये मात्र त्याच न्यायालयानं खुलासा केला, की त्या निकालाचा लष्करी कायद्यांवर परिणाम होत नाही; सहकारी अधिकाऱ्याच्या पत्नीचं प्रेम चोरणं हा फौजेत अजून गंभीर मामला आहे. आमच्या गावाला याचं महत्त्व निराळं आहे. इथली ऑर्डनन्स फॅक्टरी १९६४ ची. बंदुकीच्या गोळ्या बनवणारी. तिथला कामगार मुलकी नोकर. तेव्हा हिशेब असा, की गोळी बनवणारा सुटला आणि वापरणारा अडकला.

तिसऱ्याच्या वाट्याला खऱ्या अर्थानं खूण आली ती एकदाच, आणि तीही मुंबईत. २७ एप्रिल १९५९ ला नौदलातले कमांडर नानावटी बायकोच्या प्रियकराच्या, प्रेम आहुजाच्या, फ्लॅटवर गेले आणि तीन गोळ्या झाडून बाहेर आले. आहुजा नुकता आंघोळ करून टॉवेलवर होता. झटापट झाली म्हणता, मग टॉवेल जागच्या जागी कसा, यावर कोर्टात रण माजलं. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं नानावटींना निर्दोष ठरवलं, हायकोर्टानं जन्मठेप दिली, शेवटी १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. हा निकालांचा घोळ वकिलांनी लक्षात ठेवला. मुंबईच्या फुटपाथनं लक्षात ठेवला तो टॉवेल. फेरीवाले 'आहुजा टॉवेल' म्हणून टॉवेल आणि 'नानावटी रिव्हॉल्व्हर' म्हणून खेळण्यातलं पिस्तूल विकू लागले. जगात शिंगं, टोप्या, नाकं, गाढवं सगळं इतरांना मिळालं. प्रियकराच्या नावावर जमा झालेली ही एकुलती वस्तू, आणि तिच्यासाठी त्याला मरावं लागलं. म्हणून म्हणतो, बाकीचे कायम सुटत आले याचं कारण तत्त्वज्ञानात शोधू नये. खूण चिकटवायला माणूस जागेवर सापडावा लागतो. नवरा घरी असतो, बायको घरी असते, आई घरी असते. तो तेवढा मागच्या भिंतीवरून गेलेला असतो.

वरणगावात आता शिंगंही नाहीत आणि गाढवंही विटांच्या भट्टीपुरती उरली. पण खुणा आहेतच. ओट्यावर बसलेला माणूस अशा प्रकरणाबद्दल बोलू लागला की आधी उजवीकडं बघतो, मग डावीकडं, मग एक भुवई वर जाते, आवाज खाली येतो आणि दोन्ही हातांच्या तर्जन्या शेजारी शेजारी येऊन एकमेकींवर घासतात. बस. आनंदवर्धन असता तर उठून शाबासकी दिली असती. कुठलंही नाव घेतलेलं नाही, कुठलाही आरोप केलेला नाही, उद्या कुणी विचारलंच तर "मी तर हात चोळत होतो भो, गारठा केवढा!" बायकांकडं हेच काम पदर करतो. तो तोंडापाशी गेला की समजावं मजकूर सुरू झाला. आणि वहिनी जवळून गेल्या की एकदम सगळ्यांना खोकला होतो.

पूर्वी दारातल्या चपला बघत. पांडवांची लोककथा आहेच : द्रौपदीच्या महालात एक भाऊ असला की त्यानं पादत्राणं बाहेर ठेवायची, म्हणजे दुसरा येणार नाही. एकदा कुत्र्यानं ती पळवली, घोटाळा झाला आणि कुत्र्याला शाप मिळाला. इथंही शाप कुत्र्यालाच, हे ओघानं आलं. आता चपलांची जागा गाडीनं घेतली. एमएच १९ ची कुठली मोटारसायकल कुणाची, हे आमच्या गावात आरटीओपेक्षा ओट्याला जास्त पाठ असतं. नको त्या दारात ती उभी दिसली, आणि तीही दुपारी दोन ते चार, की दुसऱ्या पुराव्याची गरज उरत नाही. घरात उताणा असणारा मोबाईल पालथा पडू लागणं, गच्चीवर रेंज चांगली येऊ लागणं, 'प्लंबर' नावानं सेव्ह केलेल्या नंबरावरून नळ बंद असतानाही रात्री अकराला फोन येणं, हे सगळं शहरासारखंच आहे. त्यात पुरुषाची एक सोय आपल्याकडं जुनीच. कुंकू, मंगळसूत्र, जोडवी, चुडा असं लग्नाचं सगळं ओझं बायकोच्या अंगावर. नवऱ्याच्या अंगावर लग्नाची एक खूण नाही. घरातून कोपऱ्यावर गेला की गडी बिनलग्नाचा. अंगठी काढून खिशात टाकायचीसुद्धा तसदी नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत अशीच एक गाडी एका दारात वरचेवर दिसू लागली. ओट्यावर चर्चा जोरात. घरवालीचं माहेर कुठलं, ती पहिल्यापासून कशी, केस कसे बांधते, दळण आणायला इतका वेळ कसा लागतो, नवरा कसा भोळा, सासू कशी बहिरी. सगळ्यांचा पंचनामा झाला. पलीकडं शेवया वाळत घालणाऱ्या मावशी बराच वेळ ऐकत होत्या. शेवटी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तिचं काय इचारू राह्यले तुम्ही? गाडी कोनाची हाये, ते सांगा आधी."

गाडी कुणाची हे ओट्यावर सगळ्यांना माहीत होतं. एकाचा तो साडू, एकाचा मावसभाऊ, एकाच्या सोसायटीचं कर्ज त्याच्या शिफारशीवर मंजूर झालेलं. मावशींचा प्रश्न अजून हवेत असतानाच एक जण म्हणाला, "आज बऱ्हाणपूरला केळीचा भाव काय निघाला हो?" दुसऱ्यानं लगेच रावेरचा सांगितला, तिसऱ्यानं व्यापारी कसे लुटतात ते काढलं, आणि बघता बघता चर्चा निर्यातीपर्यंत गेली. तेव्हापासून मी भावाचा अंदाज पेपरात बघत नाही. गाडीवाल्याचं नाव विचारलं, की वरणगावात केळी आपोआप वधारते.